बुश

तिळामळ नाक्याच्या अलीकडे, फणसाखाली,
कायतान मेस्ताने गाडी जॅकवर चढवली
आणि चाकाआडून जुना बुश काढून
माझ्या तळहातावर ठेवला.
सोललेल्या सुपारीहून थोडा मोठा,
मधे लोखंडी नळी, भोवतीचं रबर
एप्रिलातल्या टाचेसारखं भेगाळलेलं.
"हाच वाजायचा, बाय. चार महिने."
आणि मी समजत होते, सगळी गाडीच गेली.

मग पत्र्याच्या टेबलावर दोन नवे मांडले.
काळा, रबराचा, अंगठ्याने दाबला की दबणारा.
लाल, पॉलीचा, दुप्पट भावाचा, नखाला दाद न देणारा.
"लाल घातलास तर वळणावर गाडी तुझ्या मनातलं ओळखेल,
पण रस्त्यावरचा खडा न् खडा घरी नेशील.
पावसात किरकिरेल. ग्रीस मागेल.
काळा घातलास तर शेजारच्याला झोप लागेल,
फक्त जांबावलीच्या उतारावर जोरात ब्रेक मारलास
तर नाक जरा इकडे-तिकडे करील."

काळा, मी म्हटलं. लगेच.
दर दुसऱ्या गुरुवारी मडगाव, डोळ्यांचा डॉक्टर,
शेजारच्या सीटवर बाबांचा त्र्याहत्तर वर्षांचा मणका.

बाबा बाकावर बसले होते, काठी मांडीवर आडवी.
सव्वीस वर्षं त्यांनी टिपर चालवला,
रिवणहून कापशेच्या जेटीपर्यंत,
लाल मातीचे दहा-दहा टन, दिवसाला चार फेऱ्या.
खाण बंद पडली. मग नजर गेली, ती कडेकडून.
आधी गटार गेलं, मग साइडपट्टी,
मग समोरून येणारा टेम्पो.

"फार मऊ नको," ते म्हणाले.
"कुठे आलो ते मला कळायला पाहिजे."

आणि बोटांवर मोजू लागले:
जांबावलीच्या पुलाचा सांधा, दोन ठोके.
शाळेपाशी तीन गतिरोधक, तिसरा झिजलेला.
केबलवाल्यांनी खणलेला चर, तिरका,
आधी डावं चाक, मग उजवं.
केपेच्या बाजारातली फरशी, दात वाजतात.
पारोड्याला पाणी भरतं तिथे रस्ता होडीसारखा.

मी आठ वर्षं सांगत आले होते,
बाबा, केपे आलं.
ते म्हणायचे, "हो का."

कायतानने कान खाजवला. बराच वेळ
दोन्ही बुश दोन हातांत तोलत राहिला,
मासळी घ्यावी तसा.
"आर्मला बुश दोन असतात. पुढच्यावर वळणाचा भार,
मागचा खड्डे खातो.
पुढे लाल घालू. मागे काळा.
पळे, याच्या रबरात दोन पोकळ्या आहेत,
चिरलं म्हणून परत आणू नकोस,
मुद्दाम ठेवल्यात. धक्क्याला जागा लागते."

बसवले. पण बोल्ट आवळेना.
जॅक काढला, चाकं जमिनीला लावली,
बाबांना हाताला धरून त्यांच्या सीटवर बसवलं,
मला स्टिअरिंगवर,
आणि स्वतः गोणपाट अंथरून खाली सरकला.
"लटकत्या गाडीचा बोल्ट आवळला,"
खालून आवाज, पान्याची करकर,
"तर रबर जन्मभर पिळलेलं राहतं.
ज्याचं वजन पडायचं ते आधी पडू दे."
बाबा श्वास रोखून बसले होते,
फोटो काढत असल्यासारखे.

संध्याकाळी रिवणच्या वाटेवर
मी काही बोलले नाही.
पुलाचा सांधा आला. ठप, ठप. बारीक,
शेजारच्या घरात कुणी पाट मांडावा तसा.
त्यांची दोन बोटं गुडघ्यावर हलली.

काजूच्या भट्टीपुढचं वळण
गाडीने एका ओळीत काढलं.
"चौथा खड्डा बुजवला वाटतं," बाबा म्हणाले.

बुजवला नव्हता.
आरशात दिसत होता, पाण्याने भरलेला, घमेल्याएवढा.

"हो का," मी म्हटलं.