हयातीचा दाखला

नोव्हेंबर लागला की मी हॅरिस पूल ओलांडून दापोडीत येतो.
पिशवीत बँकेचा टॅब, ठसा घ्यायचं डबीएवढं यंत्र
आणि खिशात साधं बॉलपेन,
कारण कुठलंच यंत्र तिला एका झटक्यात मान्य करत नाही.

ठकूबाई सखाराम नेटके.
दारूगोळा कारखाना, खडकी. भरणी विभाग.
नोकरी बत्तीस वर्षं. पेन्शन एक्कावन्न.
"एवढं कुणी जगतं का?" नवे मॅनेजर म्हणाले,
"मेलेल्यांची पेन्शन खाणारी घरं पाहिलीत मी.
समक्ष बघा. बोलतं करा."

बोलतं करावं लागत नाही.
"आलास? बघ तुझ्या डबीत, मी आहे का अजून."

जन्मतारीख एक जून एकोणीसशे चौदा,
कारखान्याच्या कारकुनानं तोंडाकडे बघून लिहिलेली.
तिचा हिशोब वेगळा:
मानमोडीच्या साथीत ती आईमागून नदीवर गेली होती,
कडेवर नाही, चालत.
कडेवर दुसरं होतं.
येताना नव्हतं.

टॅबमधली वर्षांची यादी वीसला संपते.
बोट कितीही सरकवा, खाली नुसतं पांढरं.
"मग वीस लाव," ती म्हणते,
"सहा वर्षं तुला दिली. चहा पी."

उजवा अंगठा. ठसा जुळत नाही.
पुसून पुन्हा. जुळत नाही.
डावा. तर्जनी. मधलं बोट.
पिवळी भुकटी, भांड्यांची राख, धुण्याचा दगड,
तीन मुलगे, नऊ नातवंडं, सगळ्यांची तेल लावलेली डोकी.
कुठली रेष कुठे गेली याची नोंद नाही.

"तवा पगाराला अंगठाच होता माझा," ती सांगते,
"जांभळी शाई चार दिवस जायची नाही, पिठाला लागायची.
पंचाहत्तरीत त्या साक्षरतेच्या पोरीकडनं सही शिकले.
नुसता ठ गोल यायला एक पावसाळा गेला.
आता सही येते,
तर तुमाला अंगठा पायजे."

दारात नातसून सुमती हसते,
स्वतः साठीची, गुडघ्याला पट्टा.
भिंतीवर तीन मुलगे ओळीनं, हारांत.
धाकटा गेल्या साली गेला, अठ्ठ्याऐंशीचा.
लोक म्हणाले, सोनं झालं.
ही म्हणाली, त्याला अंधाराची भीती वाटते,
आणि महिनाभर मोरीतला दिवा विझवू दिला नाही.

पेपरवाले गुपित विचारायला येतात.
एकाला सांगितलं भाकरी, दुसऱ्याला शेंगदाणे.
मला म्हणाली, "गुपित कसलं रं,
खाडा करायची सवय नाही."

शेवटचा उपाय, चेहरा.
टॅब म्हणतो: डोळे मिटा आणि उघडा.
मी तिच्या कानाशी ओरडून सांगतो.
ती मिटते.

पंखा फिरतो.
लोणावळ्याची गाडी पत्रे हलवून जाते.
भंगारवाला ओरडत गल्लीत शिरतो, ओरडत बाहेर पडतो.
सुमतीच्या हातातला चमचा कपाच्या काठावर थांबलेला.
पडद्यावर गोल फिरत राहतं
आणि मी श्वास मोजायला लागतो,
तिचे की माझे, कळत नाही.
"आजी," मी म्हणतो. मग मोठ्यानं, "आजी!"

एक डोळा उघडतो.
मग दुसरा, दुधाळ.
"लगेच उघडायचे व्हते व्हय?
मला वाटलं, तू सांगशील."

हिरवी खूण. पुढचा नोव्हेंबर मंजूर.
तरी मी पेन काढतो, एक कागद पुढे करतो,
बँकेला नको असलेला.
ती ठ काढायला घेते.
गोल पुरा होईस्तोवर
मी घड्याळ बघत नाही.