पाचपैकी दोन नळ

संमेलन पंधरा दिवसांवर आलंय
आणि विषयपत्रिका अजून ओलीच आहे.
तिसऱ्या सत्राचं नाव चारदा बदललं.
'कामगारांची टंचाई' लिहिलं,
गिरपशेठ म्हणाले, रडगाणं वाटतं.
'कुशल मनुष्यबळ' लिहिलं. म्हणाले, आहे कुठे?
मग 'स्वयंचलन: एक संधी'.
काल रात्री यंत्रवाल्यांनी
जेवणाचा खर्च उचलला,
आणि 'संधी'च्या आधी 'सुवर्ण' लागलं.

वेंगुर्ल्यात हे काम मी अकरा वर्षं करते.
लग्नं घेत नाही.
लग्नात निदान कोण कुणाचं ते ठरलेलं असतं.
माझ्याकडे येतात काजूवाले,
एकमेकांचे भाव पाडणारे,
एकमेकांच्या शेजारी बसायला तयार नसलेले.
पहिल्या वर्षी तीनशे खुर्च्या होत्या,
पुढच्या दोन रांगांना पांढरे अभ्रे.
यंदा एकशे चाळीस, आणि साठ जण पडद्यावरून.
त्यांत अन्सार नाखवा थेट कोतोनूहून,
कच्च्या बीच्या ढिगाशेजारी उभा राहून बोलणार.
साठ जणांचा चहा सांगायचा नाही,
हे लिहिताना दरवेळी
काहीतरी विसरल्यासारखं वाटतं.

नव्या हॉटेलात का नाही, सगळे विचारतात.
पाहून आले. काचेतून समुद्र दिसतो, ऐकू येत नाही.
हात धुवायला गारेगार खोली,
हात पुढे केला की पाणी,
मागे घेतला की बंद.
एका माणसाला एक आरसा.

मी जुनाच हॉल धरला. कारण सांगितलं, भाडं.
खरं कारण मागच्या अंगणात आहे:
एका पाइपवर पाच नळ,
खाली सिमेंटची लांब पन्हळ,
आणि बांगड्याच्या तिखल्याने माखलेला हात धरून
उभं राहावं लागतं, कोणीही असा.
मंचावर अकरा वर्षांत काही ठरलेलं मी ऐकलं नाही.
'काळ बदलतोय' एवढंच ठरतं, ठरावासकट.
दोनशे चाळीस नंबरचा भाव,
उधारीची मुदत,
परुळ्याचा बंद कारखाना कुणी घ्यायचा,
हे ठरलं ते पन्हळीपाशी,
हात ओले म्हणून
कोपराला कोपर लावून.

यंदा यादीत मी एक नाव घातलंय,
रीतसर, बिल्ल्यासकट: रोजालिन लोबो.
तीस वर्षं फोडणी-सोलणी, आता बावीस बायकांची मुकादमीण.
चिकाने तिच्या बोटांवरच्या रेषा खाल्ल्यात,
हजेरीच्या यंत्राला तिचा अंगठा ओळखू येत नाही.
ही कुठच्या सत्रात बोलणार, शेठनी विचारलं.
म्हटलं, कुठच्याच नाही. जेवायला येईल.

आज दुपारी हॉलवर गेले.
खुर्च्या मोजल्या, माइक फुंकला,
मग मागे जाऊन नळ सोडून पाहिले. पाचही जोरात.
धुरी म्हणाला, "बगलंस गे? नवे वायसर घातलंय,
एक थेंब गळाचो नाय."
मी म्हटलं, "त्या दिवशी दोन बंद ठेव."
"चालू नळ बंद? कित्याक?"

काय सांगू त्याला.
एकशे चाळीस माणसं, तीन नळ.
यंत्रवाला पुढे, मागे रोजालिन, तिच्या मागे गिरपशेठ.
चार-पाच मिनिटं,
फोन खिशात, हात खरकटा,
बघायला समोर काही नाही,
एक कुंपण आणि त्यापलीकडे
वाळत पडलेली टरफलं.

"पाणी कमी असा म्हणान सांग," मी म्हटलं.
तो हसला नाही. माझ्याकडे जरा बघून
पाना आणायला गेला.

पत्रिकेत एवढंच छापलंय:
एक दहा ते दोन, भोजन.