टेहळ्या

काळजाचा ठोका चुकला, असं लोक सहज म्हणतात.
माझा खरोखर चुकायचा. एक, दोन, कधी सलग तीन.
मार्चमध्ये द्राक्षमळ्यात, काळ्या दगडांच्या गडग्याशी
मी उभाच्या उभा कोसळलो
आणि शुद्धीवर आलो तेव्हा झुलमिराचा कुत्रा
माझा कान चाटत होता.
बत्तीस, म्हणाली ओर्ताची डॉक्टर. मिनिटाला बत्तीस.
एवढ्यावर माणूस चालत नाही, आदेलिनो, तरंगतो.

मग डाव्या खांद्याखाली कातडीत खिसा शिवून
त्यात हे ठेवलं. काड्यापेटीहून लहान.
सहा आठवडे तो हात वर न्यायचा नाही,
म्हणून दुर्बीण इल्दा धरायची, आणि समुद्र सोडून
हमखास कुणाच्या तरी दोरीवरचे कपडे दाखवायची.

वाटलं, झालं. आता यंत्राने बघून घ्यावं.

तर पहाटे तीनला
गादीतून कुणीतरी पळत सुटल्यासारखं होतं.
एकशे अठ्ठेचाळीस. मी आपला पडूनच,
घाम मात्र डोंगर चढून आल्याचा.
खिडकीची काच थरथरते ती वाऱ्याने की माझ्याने,
ते कळायला काचेला हात लावून बघावा लागतो.

पुन्हा बोट, पुन्हा ओर्ता.
डॉक्टरने छातीवर चकती धरली, पडद्यावरून वाचलं:
मंगळवार, तीन वाजून बारा. एकोणीस मिनिटं.
शुक्रवार, दोन पन्नास. सात.
म्हणजे ह्याला माहीत होतं?
हो.
आणि हा गप्प बसला?
तिने चष्मा काढून पुसला. म्हणाली, तुम्ही मंदावलात
की हा ढकलतो. धावलात, तर लिहून ठेवतो.
ह्याच्याकडे टाच आहे, लगाम नाही.
लगाम ह्या गोळ्या, सकाळी एक, रात्री अर्धी.
आधी द्यायला भीती होती. आता पायाखाली जमीन आहे तुमच्या.
वेळ लागेल.

परतताना मी धुसफुसत होतो. कॉफीही बंद केलेली.
मग माडालेनाचा धक्का दिसू लागला आणि हसू फुटलं.
काय झालं? इल्दा म्हणाली.
काय होणार. एकतीस वर्षं मी दुसरं काय केलं?
कड्यावरच्या पांढऱ्या खोपटात बसून, फटीतून पाणी बघत,
देवमाशाचा फवारा दिसला की दिशा सांगायची, वेळ लिहायची.
होड्या दुसऱ्यांच्या. मी एकाही माशाला हात लावला नाही,
ना मारायला, ना वाचवायला.
आणि ह्या बिचाऱ्याला शिव्या घालतोय.
हा तर माझ्याच धंद्यातला.

गोळ्यांनी उतरलंय थोडं. पूर्ण नाही.
सुटतं अजून कधीकधी.
मी पाय फरशीवर टेकवून बसतो,
तोंडावर गार पाण्याचं फडकं,
श्वास कोंडून जोर लावतो, वेणा आल्यासारखा
(पहिल्यांदा इल्दाला हसू आवरेना).
नाडी मोजत नाही. मोजलं की तिला कळतं, आणि चेकाळते.
अर्ध्या तासात थांबलं नाही, किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली,
तर फोन. हे ठरलेलं. कपडे खुर्चीवर तयार असतात.

तोवर वाट बघायची, आणि ती मला येते.
मासा बुडी मारतो तेव्हा पाण्यावर गुळगुळीत चट्टा राहतो,
तेल सांडल्यासारखा. नवखे तिथेच टक लावतात.
मुरलेला माणूस नजर सैल सोडतो. चाळीस मिनिटं, पन्नास.
डबा उघडतो, चीज कापतो.
गेलाय म्हणजे वर येणार.

काल सात मिनिटं.
इल्दा जागी होती, बोलली नाही,
पाठीवर तिचा तळवा, गारढोण,
उशाशी नोंदीच्या डबीचा हिरवा दिवा.
मी आतल्याला हळूच विचारलं, दिसतंय का काही?
तो कशाला बोलतोय.
पुढचा ठोका आला,
आणि त्याच्या पुढचा, जरा दमाने.