अकरा नावांचा कागद

चुना महागला तेव्हापासून
आमचा माळी मैदानाच्या रेघा कोराडीच्या राखेनं मारतो.
वाऱ्यानं उडते,
म्हणून सामन्याच्या दिवशी दोनदा.
मी त्या रेघेच्या अलीकडे उभा असतो,
खिशात अकरा नावांचा कागद
आणि डाव्या गुडघ्यात कोलकात्याचा एक स्क्रू.

नऊ नंबर होता माझा.
धावणं फार नव्हतं, खोटं कशाला बोलू,
पण चेंडू कुठं पडणार ते मला
चेंडूच्या आधी कळायचं.
कामठीत छावणीच्या भिंतीवर
रोज संध्याकाळी दोनशे वेळा, एकटाच.
भिंत चुकीचा पास देत नाही, हे मुदलियार सरांनी सांगितलं.
भिंत शाबासही म्हणत नाही,
हे आपलं मीच शिकलो.

कोलकात्यात तीन हंगाम, एकोणतीस गोल.
तिथं मला नावानं नाही, गावानं हाक मारत.
ए नागपूर! म्हटलं की अंगात यायचं.
चौथ्या हंगामात एका बॅकनं
माझ्या गुडघ्यातून सुपारी फुटल्यासारखा आवाज काढला,
आणि मग रेल्वेच्या त्याच डब्यात,
उलट्या दिशेनं, मी.

परत आलो तरी दोन वर्षं खेळलोच.
खेळलो म्हणजे, बूट चढवले.
एका रविवारी मोतीबागेत सरांनी नावं वाचली.
दहा झाली. अकरावं माझं नव्हतं.
मी लेस बांधून उभा.
सरांनी माझ्याकडे न बघता
बर्फाची पिशवी हातात दिली.
"शालिक, ही धर."
धरली.
तेच माझं नेमणूकपत्र. दुसरं कुठलं मिळालंच नाही.

स्ट्रायकरला नव्वद मिनिटांत एक क्षण पुरतो.
मॅनेजरला नव्वद मिनिटं पुरत नाहीत
आणि चेंडू एकदाही मिळत नाही.
बसचं भाडं, उधारीचे बूट,
सेक्रेटरीचा भाचा, ज्याला डावा-उजवा कळत नाही,
कुणाची तरी आई फोनवर: पोट्टा जेवतो का जी बरोबर?
रात्री पांघरुणात माझा पाय उडतो.
वच्छला कूस न बदलता विचारते,
"झाला का गोल?"

आज सुगतचं नाव लिहायचं नव्हतं.
इंदोऱ्याचा सुगत, नऊ वर्षं माझा नऊ नंबर.
गुडघ्यावर काळी पट्टी बांधतो,
सूज दिसू नये म्हणून.
मीही काळीच बांधायचो.
टेकानाक्याचा साबिर सतराचा आहे,
चेंडू त्याला अजून घाबरतो.

कागदावर दहा नावं एका दमात उतरली.
नवव्या जागेशी पेन थांबलं,
मग शाई नाही असं सोंग केलं मी, स्वतःशीच.

मी ठरवलं होतं, पिशवी द्यायची नाही.
माणसासारखं बोलायचं.
दोन वाक्यं पाठ करून त्याच्याजवळ गेलो.
तो लेस बांधत होता. मान वर न करता म्हणाला,
"मले माहीत आहे सर.
काल तुम्ही चहाचे पैसे देल्ले नं,
तवाच समजलो."

मग बांधलेल्या लेस त्यानं सोडल्या,
उठला, माळ्याच्या हातचं घमेलं घेतलं
आणि उडालेली रेघ पुन्हा मारू लागला.
वाकडी येत होती.
मी काही बोललो नाही.

सव्विसाव्या मिनिटाला साबिरला मोकळं गोल दिसलं
आणि त्यानं उजव्या पायानं
चेंडू कडुनिंबात घातला.
राखेनं भरलेले दोन हात
आणि माझे दोन
एकाच वेळी डोक्यावर गेले,
एकाच वेळी ओरडलो आम्ही:
"अबे डावा! डावा पाय काहून आहे बे तुले!"

सुगतनं माझ्याकडे पाहिलं.
त्याचा पाय रेघेच्या अलीकडे होता,
टाच अजून पलीकडे.