सहाव्या खाटेची पावलं

घोट्याला बांधायचा पट्टा,
काडेपेटीहून लहान, राखाडी,
उठलात का, बसलात का, किती चाललात,
सगळं न बघता टिपणारा.
संडरलंडच्या या वॉर्डात बारा खाटा, बारा पट्टे,
आणि रोज सकाळी त्यांचे आकडे उतरवून घेणारी मी.

नॉर्मन हेपल. वय एक्याऐंशी. खुब्याचा सांधा नवा.
पहिल्या दिवशी चार पावलं.
दुसऱ्या दिवशी नऊ.
तिसऱ्या दिवशी परत चार.
"पोरी, गोदीतल्या क्रेनवर अडतीस वर्षं
बसून काढली मी. जहाजं हलायची. मी नाही."
अंथरूण पाहून पाय पसरावेत हे ठीक,
पण तुम्ही तर अंथरूणच धरलंत,
असं म्हणायचं होतं. इंग्रजीत जमेना.
एवढंच म्हणाले, दिवसाला शंभर झाली
की घरी.

गुरुवारी आलेख उघडला
आणि चहाचा कप ओठांशीच राहिला.
रात्री नऊ ते सकाळी सात:
सतरा हजार दोनशे अकरा.
दोन वाजून दहा मिनिटांनी चक्क धाव.
तीननंतर त्याच बावीस पावलांची
जा-ये, जा-ये, जा-ये.
पाचच्या सुमाराला मात्र सहा मिनिटं
एकही नाही.

नॉर्मन मान खाली घालून पॉरिज ढवळत होता.
कान लाल. पट्टा पायातच, पण उलटा बांधलेला.
"तेंडाईला दिला होता," शेवटी बोलला,
"मीच गळ घातली. रात्रभर फिरतच असते ना ती."

तेंडाई, रात्रपाळीची मदतनीस,
जिन्याखाली बसून बूट बदलत होती.
पायाला भिंगरी म्हणतात ती ही,
आणि भिंगरी सुजलेली.
धाव? चार नंबरचे ब्लेनी कठड्यावरून उतरत होते.
बावीस पावलं? चादरींच्या कपाटापर्यंत. ओल्या, कोरड्या, ओल्या.
आणि पाच वाजता?
तिने नाडी ओढून गाठ मारली.
"अकरा नंबर. कुणी यायचं नव्हतं त्यांचं.
हात धरून उभी होते."

मशीनने त्या सहा मिनिटांना
करडा रंग दिलाय. बाजूला शब्द: निष्क्रिय.

शेऱ्याच्या रकान्यात मी नियमाप्रमाणे लिहिलं,
'पट्टा दुसऱ्या व्यक्तीकडे. नोंद वगळावी.'
लिहिलं, आणि जपून ठेवायचं बटण
बराच वेळ दाबलं नाही.

दुपारी नॉर्मन स्वतःहून वॉकर मागतो.
मी शेजारून चालते, मोजते,
आणि मोजताना नेहमीसारखी मराठीत घसरते,
सात, आठ, नऊ.
"काय म्हणतेस?" "पुढे चला."
एकोणतीस. तीस. एकतीस.
अकराव्या खाटेवर कोरी चादर,
कोपरे घट्ट खोचलेले.
तो तिच्या कठड्यावर हात ठेवतो
आणि वॉकर तसाच राहू देतो.

मीही मोजायची थांबते.