डेडस्टॉक

एकतीस वर्षं शाळेची बाकं मोजली मी.
दर एप्रिलात: पृथ्वीगोल दोन, पैकी एक आसाशिवाय,
तराजू, घंटा, हातोडी, सांगाड्याची कवटी.
निवृत्त झाले तेव्हा शिक्का शाळेत ठेवून आले,
सवय तेवढी माझ्यामागनं शुक्रवार पेठेत चालत आली.

महाद्वार रोडवरनं लाल बांधणीची वही घेतली,
दोनशे पानी.
स्टीलच्या पट्टीनं रकाने आखले:
वस्तू, कुठून, कधी, किती पडले, शेवटची दुरुस्ती, शेरा.

नऊ नंबरला पाण्याची मोटर. लक्ष्मीपुरी.
एकदा जळली, उद्यमनगरात वाइंडिंग करून आणली.
शेरा : सुरू होताना खोकते. फूटव्हॉल्व्ह बघणे.
चौदा, मिक्सर. कपलर तीनदा.
पांढऱ्या रश्श्याचं खोबरं त्याला सोसत नाही,
आणि आमच्यात रविवार काही थांबत नाही.
बावीस नंबर मागचं दार, खालची बिजागरी,
ज्येष्ठ लागला की तेल.
एकतीस, गॅसची नळी.
कधी बदलायची ते तिच्या अंगावरच छापलेलं असतंय,
वाचतंय कोण?

श्रीपतराव सोप्यात बसून हसायचे.
"माझाबी एक नंबर टाक की गं."
म्हटलं, तुमची पावती कुठाय?
दुसऱ्या दिवशी बघते तर शेवटच्या पानावर
पेन्सिलीनं, त्यांच्या तिरक्या अक्षरात :
गुडघा, डावा. स्थिती : कुरकुरतो.

मग त्या साली राधानगरीचे दरवाजे उघडले.
राजाराम बंधाऱ्यावर किती फूट, किती इंच,
गल्लीतली पोरंसुद्धा पाढ्यासारखं म्हणत होती.
त्रेचाळीसला आम्ही गाद्या माळ्यावर टाकल्या.
पंचेचाळीसला माणसं जुबेदा मुल्लाणीच्या वरच्या मजल्यावर.
मी वही दुधाच्या दोन पिशव्यांत गुंडाळून
पोटाशी धरली होती.
जुबेदा म्हणाली, "दागिने व्हय?"
मी नुसतं व्हय म्हटलं.

पाणी उतरलं. गाळ उतरला नाही.
पंचनाम्याला आलेला पोरगा दमलेला, बूट हातात.
"अंदाजे सांगा, काकू."
मला अंदाजे येत नाही, बाळा.
मी एक नंबरपासून वाचायला लागले,
खरेदीच्या तारखेसकट.
तो सातपर्यंत ऐकत होता.
मग त्यानं लिहिलं : गृहोपयोगी साहित्य, नुकसान.
एक ओळ. तीही उताराकडं घसरलेली.
चहा नको म्हणाला, पुढं चाळीस घरं होती.

शाळेत मोडकी खुर्ची कमी करायला
तीन सह्या लागायच्या आणि वर ठराव.
इथं मी एकटी जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर
तांबडं पेन घेऊन.
मोटर, निर्लेखित.
मिक्सर, निर्लेखित.
फ्रिज, शिलाई मशीन, पिठाचा डबा मोठा.
बावीसला हात थांबला.
उठून बघितलं.
दार फुगून चौकटीबाहेर आलेलं,
फळ्या सुटलेल्या,
पण ढकललं तर बिजागरी गपगार फिरली,
जराही आवाज न करता.
ज्येष्ठातलं तेल.
दारावर रेघ मारली, बिजागरीला वेगळा नंबर दिला.
ती आता नव्या दाराला आहे.

भिंतीवर गाळाची रेघ राहिली होती.
टेप लावून मोजली : चार फूट सात इंच.
रंगारी म्हणाला, पुट्टी मारली की जातंय सगळं.
जाईलही.
पण नव्या पानावर तिची नोंद केली,
खरेदीचा रकाना मोकळा सोडून.
शेरा : स्वयंपाकघरातली हातभर ठेवणे, बाकी रंगवणे.

शेवटचं पान ओलीनं थोडं फुगलं होतं.
शाई असती तर पसरली असती,
पेन्सिल जागच्या जागी.
रात्री झोपताना मी त्यांच्या गुडघ्याला
निर्गुडीचं तेल लावते आणि तारीख टाकते.
परवा टाकायची राहिली.

मोटरवाला मंगळवारी येतो म्हणालाय.
कुठला मंगळवार, ते विचारायचं राहिलं.