लेखनिक

नियम असा होता की लेखनिक एक इयत्ता खालचा असावा,
म्हणजे त्याला उत्तर येत असण्याचा धोका कमी.
म्हणून मी. नववी अ, गणितात छत्तीस,
अक्षर बरं.

उत्पला मोघे दहावी ब मध्ये.
रामबागेतून टेम्पोनं यायची, पुढे ड्रायव्हरशेजारी बसून,
तो वैतागेपर्यंत प्रश्न विचारत.
शाळेत तिच्यासाठी वेगळी खोली नव्हती,
पहिला बाक होता,
आणि मंडलोई मॅडम होत्या,
ज्यांनी फळ्यापुढे ‘ये’ आणि ‘इधर देखो’ म्हणणं सोडून दिलं होतं.
प्रत्येक रेषेला नावानं हाक मारायच्या.
त्या वर्षी मागच्या बाकांनाही भूमिती कळायला लागली.

परीक्षेत मात्र वेगळी खोली.
फुटका पृथ्वीगोल, सुरात नसलेली पेटी,
आणि पर्यवेक्षक तिवारी सर.
पहिल्याच दिवशी त्यांनी बजावलं,
मराठी नहीं चलेगी, जो बोलना है हिन्दी में बोलो.
दोघंही घरी मराठी बोलणारे आम्ही
सहा पेपर एकमेकांशी परक्यासारखे बोललो.
पूर्णविराम. नया पैरा. अब पढ़ के सुना.
मी वाचून दाखवायचो.
‘मैंने “पर” कहा था, तूने “लेकिन” क्यों लिखा?’
तिचं वाक्य जरा नीटनेटकं करावं,
एवढाच माझा हेतू होता.
मी खोडलं. पर.

गणिताच्या पेपरात आकृतीऐवजी तिला
एक सोपा प्रश्न छापलेला होता, पाच गुणांचा.
ती म्हणाली, नको, आकृतीच काढ.
मंडलोई मॅडमनी पुठ्ठ्यावर लोकर चिकटवून
तिला वर्षभर वर्तुळं शिकवली होती,
स्पर्शिका हिरव्या लोकरीची, असं तीच सांगायची,
हिरवी म्हणजे जरा खरखरीत.
केंद्र ओ. कंपास चार सेंटीमीटर. बाहेर बिंदू पी.
मी काढत गेलो, घाबरून, पेन्सिल दाबून.
झालं म्हटल्यावर तिनं कागद मागितला,
उलटा केला,
आणि पाठीमागे उमटलेल्या रेघांवरून बोट फिरवलं.
‘उल्टा है, पर सही है.’
तिवारी सर खुर्चीतून उठले होते.
परत बसले.

शेवटचा अर्धा तास. ती दमलेली.
‘सात अट्ठे चौवन.’
माझं पेन थांबलं.
किती? एक श्वास, फार तर दीड.
छत्तीस गुणांच्या पोरालाही येतं ते.
बाहेर कुणीतरी बादली आपटली.
‘रुक क्यों गया?’
मी काही बोललो नाही.
‘जो कहा है, लिख.’
मी चौपन्न लिहिले. पुढची सगळी पायरी
चौपन्नवर चढली आणि चुकीच्या मजल्यावर उतरली.
मी लिहीत राहिलो, चांगल्या अक्षरात.

निकाल जूनमध्ये. गणितात एकोणऐंशी.
ती आणि तिचा भाऊ मला छप्पन दुकानावर घेऊन गेले.
मी कचोरी खाता खाता विचारलं,
मराठीत, आता कुणाची बंदी नव्हती:
कळलं नव्हतं का तुला, तेव्हा?

‘कळलं ना. तू थांबलास तेव्हाच कळलं.
मग मनात परत पाढा म्हटला, आला.’

मग बदललं का नाहीस?

तिनं बोटाला लागलेली चटणी चाटली.
‘ते छप्पन्न तुझे होते, श्रीरंग.
माझे चौपन्न होते.’

आणि मग एकदम हसत सुटली,
इतकी की शेजारच्या टेबलावरचे वळून बघायला लागले:
‘पण काय रे, इंदूरची पोरगी,
आणि छप्पन विसरते!’

तिच्या भावानं आणखी एक प्लेट मागवली.
मी तिच्यापुढे सरकवली,
आणि कुठे काय आहे ते सांगितलं,
‘इथे’ न म्हणता.